‘डॉन पास्क्वाले’तली थप्पड : एका फिरत्या ऑपेराच्या दौऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर इंग्लंडातल्या एका छोट्या फिरत्या ऑपेरा कंपनीचं आहे. कंपनीचं, गावांचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी या निर्मितीत सहायक दिग्दर्शक होते, त्यामुळे तालमीच्या खोलीत काय बोललं गेलं आणि प्रयोगात प्रत्यक्ष काय झालं, हे दोन्ही जवळून पाहिलं. आपल्याकडे संगीत नाटक घेऊन दौरे करणाऱ्यांना आणि हौशी संस्थांत नाटक बसवणाऱ्यांना यातले बरेच प्रश्न ओळखीचे वाटतील, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

इंग्लंडात मोठ्या शहरांबाहेरही काही देखणी नाट्यगृहं आहेत. रिचमंडला १७८८ सालचं चिमुकलं थिएटर आहे, बक्स्टनला फ्रँक मॅचम या वास्तुरचनाकारानं बांधलेलं १९०३ सालचं ऑपेरा हाउस आहे. पण या कंपनीचा दौरा बहुतेक टाउन हॉल, धान्यबाजाराच्या जुन्या इमारती आणि शाळांची सभागृहं यांतून होतो. वादकांसाठी खड्डा नसतो. ते रंगमंचाच्या बाजूला, प्रेक्षकांच्याच पातळीवर बसतात. पहिली रांग गायकांच्या इतकी जवळ असते की कपाळावरचा घाम दिसतो. हॉल चालवणारे, तिकिटं फाडणारे, मध्यंतरात चहा देणारे सगळे गावातले स्वयंसेवक, आणि प्रेक्षकांतले बहुसंख्य साठी-सत्तरी ओलांडलेले.

त्या वर्षी कंपनीनं गाएतानो डोनिझेत्तीचा ‘डॉन पास्क्वाले’ निवडला. हा ऑपेरा पहिल्यांदा ३ जानेवारी १८४३ रोजी पॅरिसच्या तेआत्र-इतालियँमध्ये झाला. डोनिझेत्ती मूळचा बेर्गामोचा. १७९७ मध्ये जन्मलेला आणि १८४८ मध्ये गेलेला, म्हणजे हे त्याच्या अखेरच्या वर्षांतलं काम. फिरत्या कंपनीला ते सोयीचं, कारण मुख्य गायक चारच : म्हातारा पास्क्वाले, त्याचा पुतण्या एर्नेस्तो, एर्नेस्तोची प्रेयसी नोरीना आणि घरचा डॉक्टर मालातेस्ता. शिवाय खोट्या नोटरीची एक छोटी भूमिका आणि तिसऱ्या अंकात नोकरचाकरांचा कोरस.

गोष्ट थोडक्यात अशी. सत्तरीचा, पैसेवाला, अविवाहित पास्क्वाले पुतण्यावर चिडलेला आहे, कारण पुतण्या त्यानं ठरवलेलं स्थळ नाकारून नोरीना नावाच्या गरीब तरुण विधवेच्या मागे लागला आहे. तेव्हा ‘मीच लग्न करतो आणि तुला घराबाहेर काढतो’ असं म्हातारा जाहीर करतो. डॉक्टर मालातेस्ता नोरीनाला आपली बहीण, नुकतीच कॉन्व्हेंटमधून, म्हणजे जोगिणींच्या मठातून, आलेली लाजरी सोफ्रोनिया, म्हणून पुढे करतो. खोट्या नोटरीसमोर खोटं लग्न लागतं, पास्क्वाले अर्धी मालमत्ता बायकोच्या नावे करतो आणि सही होताक्षणी लाजरी मुलगी कजाग होते. नोकरांचे पगार वाढतात, दागिने येतात, बिलं साचतात. तिसऱ्या अंकात ती नवऱ्याला घरी ठेवून नाटकाला निघते. तो अडवतो, दोघांत शब्दाला शब्द वाढतो आणि ती त्याच्या थोबाडीत देते.

मराठी वाचकाला इथे गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ आठवेल. मलाही संहिता पहिल्यांदा वाचताना तेच आठवलं, आणि म्हाताऱ्या नवरदेवाबद्दल मनात दया आली नाही. पण दोन्हींतला फरक मोठा आहे. शारदेला कोणी विचारत नाही. तिचा बापच तिला विकायला बसला आहे आणि भुजंगनाथाला ते चालतं आहे. इथे नोरीना स्वतःच्या मर्जीची मालक आहे, कट तिला ठाऊक आहे, डॉक्टरला ठाऊक आहे, दुसऱ्या अंकात पुतण्यालाही कळतं. घरात एकटा पास्क्वाले काही न कळता उरतो. या ऑपेराचं हसू या एकटेपणावर उभं आहे आणि प्रकरणही तिथूनच सुरू झालं.

सुरुवातीचे निर्णय

दिग्दर्शकानं काळ आजचा घेतला. पास्क्वालेचा निवृत्त माणसाचा नीटनेटका बंगला, भिंतीवर बॅरोमीटर, खुर्चीवर ब्लँकेट. मूळ संहितेत तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला पास्क्वाले बिलं वाचतो : टोपीवालीला १०० स्कूदी (तिथली जुनी नाणी), बग्गीवाल्याला ६००, जवाहिऱ्याला ९५०. आमच्याकडे त्याच्याभोवती कुरिअरच्या खोक्यांचा ढीग होता. या निवडीला खुद्द डोनिझेत्तीचा आधार होता; १८४३ मध्ये त्यानंही पात्रांना जुन्या काळच्या पोशाखांऐवजी त्या दिवसांतले रोजचे कपडे घातले होते.

गाणं इंग्रजीत ठेवलं. इटालियनमध्ये गाऊन वर भाषांतराची पट्टी दाखवायची, हा पर्याय होता. ही पद्धत १९८३ मध्ये टोरोंटोच्या ऑपेरा कंपनीनं पहिल्यांदा आणली आणि आता सगळीकडे रुळली आहे. पण प्रत्येक हॉलमध्ये पडदा टांगायला जागा नसते आणि मागच्या रांगांना अक्षरं दिसत नाहीत. म्हणून नवीन इंग्रजी शब्द करून घेतले. ते चटपटीत होते, आजच्या बोलीतले होते आणि म्हातारपणावरचे टोमणे मुळापेक्षा थोडे जास्त धारदार होते.

वाद्यवृंद दहा वादकांवर आणला. इथे संगीत दिग्दर्शिकेनं एक गोष्ट हट्टानं राखली : ट्रम्पेट. दुसऱ्या अंकाच्या आरंभी, घरातून हाकललेला एर्नेस्तो गायला लागण्याआधी ट्रम्पेटचा एक लांब, उदास एकल भाग आहे. तो क्लॅरिनेटला देऊन एका माणसाचा खर्च वाचवावा, असं हिशोब पाहणाऱ्यांचं म्हणणं होतं. तिनं त्याऐवजी ओबो सोडला. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. तो भाग दुसऱ्या वाद्यावर गेला की एर्नेस्तो नुसता रडवा पोरगा वाटतो.

शेवटचा निर्णय वेळेचा. हॉल साडेदहाला रिकामा करून द्यायचा, आणि काही गावांत त्याआधीच शेवटची बस जाते. संगीतच सुमारे दोन तासांचं. त्यात मध्यंतर धरलं की गणित बसत नव्हतं. म्हणून तालमीत इथेतिथे कात्री लागली. त्यात थप्पडीनंतरचा संथ भाग जवळजवळ सगळा गेला. तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की थप्पड पडली की गती वाढवत पुढे जावं, विनोदी ऑपेरात तिथे थांबायचं कशाला?

अडचण

कंपनीचा एक चांगला रिवाज आहे : कोरस प्रत्येक गावातला. दौऱ्याच्या बरेच दिवस आधी गावातल्या गायनमंडळाला स्वरलिपी जाते, त्यांचा प्रशिक्षक तयारी करून घेतो आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी ते आमच्याबरोबर उभे राहतात. यातून गावातली माणसं आपल्या माणसांना बघायला येतात आणि तिकिटं खपतात, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रयोग त्या गावाचा होतो.

पहिल्या गावातल्या कोरसमध्ये निम्म्याहून जास्त निवृत्त माणसं होती. रंगीत तालमीत आपला प्रवेश होईपर्यंत ती मंडळी प्रेक्षागृहात बसून बघत होती. पहिल्या दोन अंकांत मनापासून हसली. थप्पड पडली आणि हसू बंद झालं. मी बाजूच्या भिंतीशी वही घेऊन उभी होते. तिथून रंगमंचापेक्षा त्यांचे चेहरेच जास्त दिसत होते. नंतर चहाच्या वेळी सत्तरीच्या पुढच्या एक बाई माझ्याकडे आल्या. गावात एकटं राहणाऱ्या वृद्धांकडे जाऊन त्यांची विचारपूस करण्याचं काम त्या करतात. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितलं, की खोट्या कागदावर सही करून घेणं, घरात शिरून पैसा उधळणं आणि मग हात उगारणं, हे त्या कामाच्या निमित्तानं खऱ्या घरांत बघतात आणि त्यामुळे पुढचं गाणं त्यांना गाता येईना.

दिग्दर्शकाला मी हे सांगितलं. एका बाईंचं मत म्हणून ते बाजूला राहिलं, कारण दुसऱ्या दिवशी प्रयोग होता.

प्रयोगात तेच झालं, फक्त मोठ्या प्रमाणात. थप्पडीनंतर हॉल गप्प. त्यापुढे नोरीना डुलत्या चालीत नवऱ्याला ‘जा बाळा, झोप आता’ अशा अर्थाचं लाडीगोडीचं गाते, तिथे हशा हवा. कोणी हललं नाही. शेवटच्या अंकातलं बागेतलं सुंदर गाणं संपल्यावर टाळ्या आल्या, पण तोवर नोरीना लोकांच्या मनातून उतरली होती. आणि अगदी शेवटी तीच पुढे येऊन या सगळ्याचं तात्पर्य गाते : म्हातारपणी लग्न करणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसतं, असा माणूस घंटा वाजवत दुःखं शोधायला निघतो. प्रेक्षकांत उतारवयात दुसरा संसार मांडलेली जोडपी होती. चहाच्या टेबलाशी काम करणाऱ्यांतलं एक जोडपंही त्यातलंच, हे आम्हाला नंतर कळलं.

दुसऱ्या गावात काही जण तिसऱ्या अंकाच्या मध्येच उठून गेले. आयोजकांनी सभ्यपणे लिहून कळवलं, की संगीत उत्तम होतं, पण गावातल्या लोकांना पुन्हा बोलावणं कठीण जाईल. तेव्हा मात्र बैठक बसली.

कारणं कुठे होती

बैठकीत पहिला अर्धा तास प्रेक्षकांवर गेला : लोक हळवे झालेत, विनोद कळत नाही, शहरात हेच चाललं असतं. मला हे म्हणणं पटलं नाही. याच लोकांनी पहिले दोन अंक डोक्यावर घेतले होते. विनोद त्यांना कळत होता. आम्हीच त्यांच्या हातातून काहीतरी काढून घेतलं होतं.

मग एकेक धागा सुटा केला. आजचा काळ घेतल्यामुळे खोटी सही ही जुन्या नाटकातली युक्ती राहिली नव्हती. ती बँकेनं पत्र पाठवून सावध केलेली फसवणूक झाली होती. इंग्रजी शब्दांमुळे प्रत्येक टोमणा थेट पोचत होता. हॉल लहान असल्यामुळे मार अगदी समोर होत होता. त्यात एक तांत्रिक भर. रंगमंचावरच्या थपडेत हात गालाला लागत नाही; आवाज मारणारा किंवा मार खाणारा दुसऱ्या हाताच्या टाळीतून काढतो आणि प्रेक्षकाच्या कोनातून ते खरं वाटतं. पण आमच्या हॉलमध्ये लोक तीन बाजूंनी बसत होते, बाजूच्यांना ती युक्ती दिसली असती. म्हणून गायकांनी आपसांत ठरवून हलका पण खरा हात लावायला सुरुवात केली होती. पास्क्वाले करणारे गायक स्वतः साठीचे. गालावर हात पडला की त्यांची मान खरोखर झटकत होती.

हे सगळं खरं होतं, तरी उत्तर अजून पुरतं सापडलं नव्हतं. ते संगीत दिग्दर्शिकेकडून आलं. तिनं स्वरलिपी उघडली आणि आम्ही कापलेली पानं पियानोवर वाजवली.

डोनिझेत्तीनं थप्पडीनंतर गती वाढवलेली नाही. त्यानं संगीत जवळजवळ थांबवलं आहे. लय मंद होते, आणि इतका वेळ तोंडाचा पट्टा चालवणारा पास्क्वाले तुटक, हळू वाक्यांत गातो : संपलं, डॉन पास्क्वाले, आता डोकं फोडून उपयोग नाही, जाऊन बुडून मरण्याखेरीज काही उरलं नाही. त्याच वेळी नोरीना, त्याला ऐकू जाणार नाही असं, स्वतःशी गाते : धडा जरा कडक झाला, पण परिणाम व्हायला तो हवा. दोघं एकाच सुरावटीत, एकमेकांकडे न बघता. त्या काही मिनिटांत म्हातारा हसण्याचा विषय राहत नाही आणि नोरीना दुष्ट राहत नाही, कारण हात उगारल्याचं तिलाही लागलं आहे हे ऐकू येतं.

हा भाग आम्ही शेवटच्या बससाठी कापला होता. उरलेल्या दोन ओळींत तिची कबुली नव्या इंग्रजी शब्दांत एक कोटी होऊन बसली होती. लेखकानं मार आणि त्याचं दुःख असं दोन्ही लिहिलं होतं. आमच्या प्रयोगात मारच उरला होता.

समोर आलेले पर्याय

थप्पडच काढून टाकावी, हा पहिला पर्याय. आयोजकांना तो आवडला असता. पण मग पास्क्वाले घटस्फोटाच्या हट्टाला का पेटतो आणि शेवटी खोटं लग्न सुटल्याचं कळल्यावर एवढा हलका का होतो, याला आधार राहत नाही. शिवाय फसवणूक तशीच राहते. नुसता हात गेला म्हणून ती गोड होत नाही.

दारावर सूचना लावावी, की या प्रयोगात वृद्ध व्यक्तीवर हात उगारण्याचा प्रसंग आहे. यावर बरीच चर्चा झाली. सूचना लावण्यात काहीच गैर नाही, ज्यांना नको त्यांना आधी कळलं पाहिजे. पण प्रसंगच अर्धवट बसला असेल तर सूचनेनं तो दुरुस्त होत नाही. आम्ही माहितीपत्रकात कथा शेवटापर्यंत, खोट्या लग्नासकट, आधीच छापायचं ठरवलं. ऑपेराच्या प्रेक्षकाला शेवट आधी कळल्यानं काही बिघडत नाही.

काळ मागे, १८४० च्या दशकात न्यावा : पोशाख आणि नेपथ्य नव्यानं करायला पैसे नव्हते. आणि मला वाटतं, त्यानं प्रश्न दूर ढकलला गेला असता, सुटला नसता.

एका गायकानं उलट बाजू मांडली : थप्पड इतकी मोठी, इतकी सर्कशी करावी की कोणी खरी समजणार नाही. पास्क्वाले फिरून खोक्यांच्या ढिगात पडतो, वगैरे. हा सल्ला अनुभवी माणसाचा होता आणि दिग्दर्शक त्याकडे झुकला होता. पण साठीच्या गायकाला रोज खोक्यांत पडायला लावणं धोक्याचं, आणि उरलेला प्रयोग एवढा घरगुती असताना एकच प्रसंग सर्कशीत गेला असता तर तो वेगळाच दिसला असता.

शेवटचा पर्याय, कापलेला संथ भाग परत आणावा. याला तत्त्वतः कोणाचाच विरोध नव्हता. अडचण वेळेची होती : तो भाग आला तर दुसरं काय जाणार?

काय केलं

इथे सगळ्यात अवघड बोलणं एर्नेस्तो करणाऱ्या तरुण टेनरशी, म्हणजे उंच पट्टीच्या गायकाशी, झालं. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला त्याचं गाणं आहे. संथ भागानंतर वेगवान भाग येतो आणि तो दोनदा गायचा असतो. दुसऱ्या वेळी गायक आपल्या हरकती घालतो, वरचे स्वर दाखवतो. प्रेक्षक त्याला लक्षात ठेवतात ते तिथे. तो दुसरा फेरा काढला की वेळ बरोबर जुळत होती. त्याच्या दृष्टीनं ही त्याच्या जागेवरची कात्री होती, आणि ज्या प्रसंगात तो रंगमंचावर नाही त्या प्रसंगासाठी. त्याला वाईट वाटणं साहजिक होतं. नांदीतून, म्हणजे पडदा उघडण्याआधीच्या वाद्यसंगीतातून, काहीतरी कापा, असं तो म्हणाला. संगीत दिग्दर्शिकेनं नकार दिला, कारण नांदीत चेलो जी सुरावट वाजवतो ती त्याच्याच बागेतल्या गाण्याची आहे. ती गेली तर शेवटी ते गाणं ओळखीचं होऊन येणार नाही. अखेर तोडगा असा निघाला : दुसरा फेरा जाईल, पण पहिल्याच फेऱ्यात त्याला त्याच्या हरकती घ्यायला मोकळीक. मनापासून तो राजी झाला असं म्हणता येणार नाही. पण त्यानं ते केलं आणि चांगलं केलं.

संथ भाग परत आला. नोरीनाच्या स्वगताचे शब्द मूळ अर्थाला धरून साधे केले. दिग्दर्शकानं हालचाली काढून टाकल्या. आधी थप्पडीनंतर ती पर्स शोधत फिरत होती. आता ती स्वतःच्या हाताकडे बघत जागीच उभी राहते आणि तो खुर्चीची पाठ धरून उभा. दोघांत ती खोकी. थपडेचा हात पुन्हा हवेत गेला, गायकाचा गाल वाचला. बाजूच्या प्रेक्षकांना युक्ती दिसू नये म्हणून तिची जागा दोन पावलं मागे, दाराच्या चौकटीत नेली.

दुसरा बदल कोरसकडून आला आणि तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. मूळ रचनेत थप्पडीच्या प्रसंगानंतर नोकरांचा कोरस येतो : काय ही न संपणारी ये-जा, इकडे टिंग टिंग, तिकडे टाँग टाँग, क्षणाची शांतता नाही, पण घर चांगलं आहे, पैसा वाहतो आहे. नोकर घरातल्या भांडणाची कुजबुज करतात. पुढच्या गावातल्या कोरसच्या पहिल्याच तालमीत एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, आम्ही भांडणाबद्दल बोलतो, पण ते आम्ही पाहिलं कधी? त्यांच्या हातात त्या वेळी रंगसाहित्यातला ट्रे होता, वर बिलांची चळत. दिग्दर्शकानं त्यांना तिथेच दाराच्या चौकटीपाशी उभं केलं आणि बाकीच्यांना मागच्या खिडकीशी. थप्पड पडते तेव्हा ते दोन-तीन नोकर तिथे असतात. कोणी काही करत नाही. संथ भाग चालू असताना एक जण ट्रे खाली ठेवतो, इतकंच.

याचा परिणाम असा झाला की पास्क्वालेचा अपमान आता एकट्याचा राहिला नाही. तो त्याच्याच वयाच्या माणसांनी पाहिला. आणि लगेच येणारा कुजबुजीचा कोरस नुसता गमतीचा तुकडा न राहता, काय पाहिलं ते एकमेकांना सांगणाऱ्या माणसांचा झाला. तिथे पहिल्यांदा पुन्हा हसू फुटलं.

तात्पर्याच्या शेवटच्या गाण्याचा प्रश्न राहिला होता. संहितेत त्या गाण्याच्या आधी सगळं कळल्यावर पास्क्वाले म्हणतो, सगळं विसरलो, सुखी राहा. आणि नोरीनानं तात्पर्य गायल्यावर स्वतःच कबूल करतो, की शिकवण फार छान आहे आणि ती मलाच लागू पडते. हे आमच्या पहिल्या प्रयोगांत घाईत वाहून जात होतं. आता नोरीना गाणं प्रेक्षकांकडे बघून न गाता पास्क्वालेच्या खुर्चीशेजारी बसून त्याला गाऊ लागली, आणि त्याचं कबुलीचं वाक्य स्पष्ट, प्रेक्षकांकडे वळून येऊ लागलं.

परिणाम

उरलेल्या दौऱ्यात थप्पडीवर शांतता पडतच राहिली, पण ती वेगळी होती. आधी लोक मागे सरकून बसत. आता पुढे झुकून ऐकत. नोरीनाच्या लाडीगोडीच्या चालीवर हसू आलं, जरा उशिरानं आणि जरा सावध. पास्क्वाले आणि मालातेस्ता यांचं झपाट्यानं शब्द फेकणारं द्वंद्वगीत, जे एरवीही टाळ्या घेतं, ते आता डोक्यावर घेतलं जाऊ लागलं; एवढं लागल्यावर म्हातारा पुन्हा डाव रचायला उठतो, याचा लोकांना आनंद होत होता असं मला वाटतं.

सगळीकडे चांगलंच झालं असं नाही. एका गावात आयोजकांनी आधीच्या गावांकडून ऐकून थप्पड पूर्ण काढण्याची मागणी केली. दिग्दर्शकानं नकार दिला, प्रयोग झाला, पण त्या समितीशी संबंध अजून सुधारलेले नाहीत. ज्या दुसऱ्या गावातून लोक उठून गेले, तिथे सुधारलेला प्रयोग घेऊन परत जाता आलं नाही. पैसे आणि तारखा दोन्ही नव्हत्या. त्या प्रेक्षकांच्या लेखी हा ऑपेरा तसाच राहिला.

पहिल्या गावातल्या त्या बाई पुढे शेजारच्या गावातल्या प्रयोगाला तिकीट काढून आल्या. प्रयोगानंतर त्यांनी माझ्याशी थप्पडीबद्दल काही बोलणं काढलं नाही. ट्रम्पेटबद्दल बोलल्या, आणि नोकर दारात उभे राहिले ते बरं झालं, एवढं म्हणाल्या.

काय वेगळं करता आलं असतं

वेळेची कात्री कोणत्या नजरेनं लावायची, हा पहिला मुद्दा. आम्ही मिनिटं मोजून कापलं. संथ भाग कथा पुढे नेत नाही म्हणून तो आधी गेला. संगीत नाटकातही पदं कापताना हाच मोह होतो : कथानकाला लागत नाही ते पद आधी काढा. पण कित्येकदा तेच पद पात्राला माणूस म्हणून उभं करत असतं. प्रत्येक कापाकापीआधी तो भाग एकदा पूर्ण वाजवून ऐकायचा, एवढा नियम असता तरी हा भाग वाचला असता, कारण पियानोवर ऐकल्यावर त्याचं काम कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरं, आजचा काळ घेताना थप्पडीपेक्षा सहीच्या प्रसंगावर जास्त विचार व्हायला हवा होता. मार चटकन डोळ्यांत भरतो म्हणून आम्ही सगळे तिथेच अडकलो. फसवणुकीचा भाग शेवटपर्यंत आम्ही जवळजवळ तसाच ठेवला. खोटा नोटरी अधिक उघडपणे खोटा, म्हणजे प्रेक्षकांना पहिल्या क्षणापासून कटात घेणारा केला असता, तर लोक आधीपासून निर्धास्त बसले असते.

तिसरं, पहिल्या गावातल्या कोरसनं रंगीत तालमीतच सगळं सांगितलं होतं, आणि प्रयोग दुसऱ्या दिवशी असल्यामुळे ऐकायला सवड नव्हती. गावातला कोरस आदल्या दिवशी भेटला, की तो फक्त आवाज देतो.

शेवटच्या गाण्याबद्दल कंपनीत अजून एकमत नाही. संगीत दिग्दर्शिकेच्या मते ते होतं तसं, प्रेक्षकांकडे बघून, हसत गायलं पाहिजे. लेखकानं तसंच लिहिलं आहे आणि मधला संथ भाग नीट झाला असेल तर लोक ते पेलतात. दिग्दर्शक खुर्चीशेजारच्या मांडणीवर ठाम आहे. माझं मत संगीत दिग्दर्शिकेच्या बाजूनं झुकतं, पण तशी मांडणी सुधारलेल्या तिसऱ्या अंकानंतर एकदाही करून बघितलेली नाही.

पुढच्या दौऱ्यासाठी डोनिझेत्तीचाच १८३२ चा ‘लेलिझीर दामोरे’ ठरला आहे. त्यात दुलकामारा नावाचा फिरता वैदू भोळ्या शेतकरी पोराला साधी बोर्दो वाइन प्रेमाचं औषध म्हणून विकतो, म्हणजे पुन्हा फसवणूक, आणि या वेळी कोरस जवळजवळ पूर्ण वेळ रंगमंचावर. नेपथ्याचं पहिलं चित्र काढण्याआधी दोन गावांच्या गायनमंडळांबरोबर संहितेचं वाचन ठेवलं आहे. कापायची पानं त्यानंतर ठरतील.